मोटारीचा टोल माफ, बसचं तिकीट दुप्पट

घाटकोपर स्टेशनबाहेर उभं राहून हा हिशोब करून बघा. अम्मी आणि तिच्या दोन मोठ्या मुली, जवळच जायचंय. बसचं किमान तिकीट 10 रुपये, तिघींचे झाले 30. रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे 26. अम्मी रिक्षालाच हात करणार, तिला काय नावं ठेवायची? पण अशा शंभर अम्मी निघाल्या की रस्त्यावर दोन बसऐवजी तीस-चाळीस रिक्षा येतात.

शाळेत आम्ही प्रदूषणाचा धडा शिकवतो तेव्हा झाडं लावा, धूर टाळा, एवढ्यावरच बोलणं संपतं. पैशाची गोष्ट राहूनच जाते. कोणती सवारी स्वस्त आणि कोणती महाग, यावरून माणूस घरातून कसा निघेल हे ठरतं. कर, टोल, भाडं आणि सवलत ही सरकारच्या हातातली हत्यारं आहेत.

ती चालतात, हे आपण इथंच पाहिलंय. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी सीएनजीवर गेल्या त्या हायकोर्टाच्या आदेशांमुळे. पण टिकल्या, कारण सीएनजी पेट्रोलपेक्षा स्वस्त पडत होता. 9 जुलै 2019 ला बेस्टने किमान भाडं 8 वरून 5 रुपये केलं आणि लगेच प्रवासी वाढले.

मग उलटी गंगा वाहायला लागली. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुलुंडचे दोन नाके, दहिसर, ऐरोली आणि वाशी इथला मोटारींचा 45 रुपयांचा टोल माफ झाला. तो टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, हवेसाठी नव्हता, हे मान्य. नाक्यावरच्या रांगेतला धूरही वाचला असेल. तरी मोटारीने शहरात येणं स्वस्त झालंच. आणि 9 मे 2025 पासून बसचं भाडं 5 वरून थेट 10, एसीचं 6 वरून 12.

जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, 2010 पासून. खासगी गाडी 15 वर्षांची झाली की तो लागतो. पण गाडी रोज अंधेरी-बोरिवली धावो की आठवड्यातून एकदा बाहेर निघो, कर तेवढाच. धूर मात्र धावण्यावर ठरतो.

लंडनने 17 फेब्रुवारी 2003 पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींना दिवसाला 5 पौंड आकारले. सिंगापूरने तर 1975 मध्येच अशी सुरुवात केली होती. लंडनच्या कायद्यातली आम्हाला आवडलेली अट अशी की खर्च वजा जाता उरलेला पैसा वाहतुकीवरच लावायचा. तिथं त्यातून बससेवा वाढली.

आपल्याकडे असा आकार लावायचा तर आधी बस वाढवाव्या लागतील, नाहीतर गरिबावरच दुहेरी मार. मोहल्ल्यातले आपले किती तरी भाऊ रिक्षा चालवतात. सिग्नलला काच बंद करून एसीत बसलेल्या मोटारवाल्याच्या मागे ते उघड्यावर उभे असतात, दिवसाचे दहा-बारा तास.