चोपदाराचा दंड आणि सातासमुद्रापारचे सोबती

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, असे कितीतरी भाविक या गडावर येऊन माथा टेकतात. अशा वारकरी घरांतली मुले-मुली आज पुण्याला, हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत नोकरी करतात. त्यांचा एक सहकारी बंगळूरला, दुसरा लंडनला, तर तिसरा न्यूयॉर्कला! एकमेकांना प्रत्यक्ष न भेटता ही मंडळी एकच सॉफ्टवेअर रचीत असतात. आजोबांच्या दिंडीचा आणि नातीच्या या कामाचा संबंध तो काय, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो मोलाचा आहे.

२००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा काढला. काम थोडे थोडे पुरे करून दाखवावे, बदलाला कचरू नये आणि शक्यतो समोरासमोर बोलावे, हे त्याचे सार. पण समोरासमोर बसायचे कसे? न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, तर हिवाळ्यात साडेदहा तास! तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. अशा वेळी रोज पाव तासाची सभा भरते. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केले, आज काय करणार, आणि अडले कुठे?

खरी मेख आहे ती या तिसऱ्या प्रश्नात. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, हा आपल्या घरचा संस्कार. साहेबांनी “जमेल ना?” असे विचारले की तोंडून “हो” निघून जाते. पुण्याच्या मुलीच्या मनात त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच असतो. पलीकडचा मात्र समजतो की काम झालेच! एका खोलीत असते तर चेहऱ्यावरून कळले असते. इथे ते कळत नाही, आणि मग रात्र-रात्र जागरणे होतात.

न सांगितलेली शंका किती महाग पडते, याचा दाखला मंगळाजवळचा आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले. कोलोरॅडोतल्या मंडळींनी जोराचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी ते मेट्रिक मापातले समजून वापरले. यानाची वाट आखणाऱ्यांना काही विसंगती जाणवलीही होती. पण ती रीतसर नोंदली गेली नाही. कुणाचे गणित कच्चे नव्हते. कच्चा होता तो संवाद.

आता आपल्या वारीकडे पाहा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त घालून दिली. मुक्कामी रोज समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळांचा गजर एकदम थांबतो. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते! चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा करतात. हरवल्या-सापडल्याची माहिती आणि उद्याच्या वाटचालीची वेळ सर्वांना सांगितली जाते, आणि मगच आरती होते. तक्रार करणे हा इथे उद्धटपणा नाही. ती ऐकण्यासाठीच तर सारे गप्प होतात.

दूरदेशीच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच उचलावे. सभेत ‘अडले कुठे’ हा प्रश्न पहिला घ्यावा, आणि “जमेल ना?” ऐवजी “तुम्ही हे कसे करणार?” असे विचारावे. ठरलेली गोष्ट त्याच दिवशी लिहून काढावी. त्यात माप, तारीख आणि कुठल्या गावची वेळ, हेही असावे. अवेळी जागण्याचा भार नेहमी एकाच गावावर न टाकता आळीपाळीने वाटून घ्यावा. आणि वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे. ज्याच्याबरोबर एकदा जेवलो, त्याला अडचण सांगताना जीभ अडखळत नाही.

घरच्यांनीही एक करावे. संध्याकाळी मुलगी कानाला यंत्र लावून बसली आणि “हे मला समजले नाही” असे साहेबांना स्पष्ट म्हणाली, तर दचकू नये. तिने आपल्या दिंडीचे टाळ वाजते ठेवले आहेत, इतकेच!