मराठीतील भावनावाचक प्रयोग आणि दोन अॅनिमेशनपट

भावना ही स्वतः दृश्य वस्तू नव्हे. नाटकात ती नटाच्या शरीराद्वारे प्रकट होते. रेखाटलेल्या आकृतीस मात्र मन नसते. मग अॅनिमेशनपटात भावना दाखवावयाची कशी? या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दोन कौटुंबिक चित्रपटांत मिळतात. मराठीच्या प्रयोगव्यवस्थेशी त्यांचा संबंध कसा पोहोचतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले उत्तर पिक्सार संस्थेच्या, पीट डॉक्टर दिग्दर्शित ‘इनसाइड आउट’ (२०१५) या चित्रपटाचे. त्यात ११ वर्षांच्या रायलीच्या मनात आनंद, दुःख, भीती, राग व किळस ही पाच पात्रे वावरतात व तिच्या वर्तनाची सूत्रे आळीपाळीने हाती घेतात. पॉल एकमन व डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला निर्मात्यांनी घेतला होता.

मराठी भाषिकास ही कल्पना परकी वाटू नये. ‘मला राग आला’, ‘त्याला भीती वाटली’, ‘तिला रडू कोसळले’ या वाक्यांत क्रियापदाचे रूप भावनेच्या लिंगवचनानुसार बदलते. अनुभव घेणारी व्यक्ती ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूस उभी राहते. राग येतो, अनावर होतो, ओसरतो. व्यक्ती ही जणू त्याच्या येण्याजाण्याची जागा होय. परंतु हे निम्मेच सत्य झाले. ‘मी रागावलो’, ‘ती घाबरली’, ‘तो लाजला’ अशीही रचना मराठीत आहे व तीत व्यक्ती पुन्हा कर्तेपद घेते. हा भेद केवळ रूपाचा नाही. ‘आईला राग आला’ यात आईची मनःस्थिती कळते. ‘आई मला रागावली’ यात तिने केलेली कृती कळते. भावना व तिच्यातून घडलेले वर्तन यांतील जे अंतर मुलास शिकवावे लागते, ते भाषेने असे आधीच राखून ठेवले आहे.

भाषांतराची अडचण येथेच उद्भवते. मूळ चित्रपटात आनंद, दुःख व किळस ही स्त्रीपात्रे असून भीती व राग ही पुरुषपात्रे आहेत. मराठीत ‘आनंद’ पुल्लिंगी, ‘दुःख’ नपुंसकलिंगी आणि ‘भीती’ स्त्रीलिंगी. ‘भीती आला’ असे म्हणता येत नाही, आणि ‘भीती आली’ म्हणावे तर पडद्यावरील आकृती त्यास विरोध करते. पात्राचे नाव व भावनेचे नाव एकच ठेवल्यास हा पेच सुटत नाही.

दुसरे उत्तर पवईचे आहे. तेथील आय. आय. टी.मध्ये १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजेच आय. डी. सी., स्थापन झाले. तेथील प्राध्यापिका शिल्पा रानडे यांनी दिग्दर्शित केलेला ‘गूपी गवैया बाघा बजैया’ (२०१३) हा हिंदी अॅनिमेशनपट उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या बंगाली कथेवर आधारलेला आहे. याच कथेवर सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये चित्रपट काढला होता. गावाने हाकलून दिलेल्या एका गायकाची व एका वादकाची ही कथा. येथे भावनेस स्वतंत्र पात्र दिलेले नाही. भुतांच्या वरामुळे दोघांच्या संगीताने ऐकणारे जागच्या जागी खिळून राहतात. भावना ओळखावयाची ती देहाच्या अवस्थेवरून.

भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांतील पहिला ‘स्तंभ’ तो हाच. ‘अंगावर काटा येणे’, ‘तोंडचे पाणी पळणे’, ‘पायाखालची वाळू सरकणे’ हे आपले वाक्प्रचारही याच मार्गाचे आहेत: ते भावनेचे नाव घेत नाहीत, देहाची स्थिती सांगतात.

नाट्यशास्त्राशी आणखी एक तुलना बोधप्रद ठरते. पहिल्या ‘इनसाइड आउट’मधील दुःख, भीती, राग व किळस यांचे शोक, भय, क्रोध व जुगुप्सा या स्थायी भावांशी सहज साम्य दिसते. २०२४ च्या दुसऱ्या भागात, रायली १३ वर्षांची झाल्यावर, चिंता, असूया, संकोच व कंटाळा यांची भर पडते. त्यांपैकी चिंता, असूया व व्रीडा हे तिन्ही भरताच्या ३३ व्यभिचारी भावांत आढळतात. मात्र आनंदास नेमके स्थान सापडत नाही: ‘हास’ म्हणजे आनंद नव्हे आणि ‘हर्ष’ हा व्यभिचारी भाव होय. शिवाय भरताचा विषय प्रेक्षकाचा रसास्वाद, तर एकमन यांचा विषय चेहऱ्यावरील भाव. तेव्हा या साम्यावरून दोन्ही वर्गीकरणे एकच आहेत असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही.

पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस, दुःखाच्या हाती सूत्रे आल्यावर, घर सोडून निघालेली रायली परत येते व आईवडिलांना सांगते की तिला जुन्या घराची आठवण येते. ती ‘मला दुःख होते’ असे म्हणत नाही. मराठीतही तिला ‘आठवण येते’ एवढेच म्हणावे लागेल, आणि तेवढ्याने आईवडील समजून घेतील. मुलांना भावनांची नावे शिकविणे इष्टच आहे. परंतु नाव न घेता भावना पोहोचविणारे हे प्रयोगही त्यांच्या कानी पडले पाहिजेत. मुलांच्या चित्रपटांचे मराठी संवाद लिहिणाऱ्याने शब्दकोशाइतकेच या प्रयोगांकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.