शाळेतील संगणकाचा पडदा : मुक्त डेस्कटॉपांची तुलना

शाळेत संगणक आला म्हणजे संगणकशिक्षण आले, असे नव्हे. कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक आणि मुलांच्या हाताखाली रोज चालणारा संगणक यांत जे अंतर पडते, त्याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून पडद्यावर असते. पडद्यावर जे दिसते ते मुलास समजते काय, हवी ती वस्तू त्यास सापडते काय, आणि चूक झाल्यास मागे येता येते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर यंत्राची उपयुक्तता अवलंबून असते.

हा विचार आता निकडीचा झाला आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या संगणकांपैकी पुष्कळ संगणक विंडोज ११ च्या अटी पुऱ्या करू शकत नाहीत. असे संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्सची मुक्त प्रणाली चालते किंवा कसे, हे पाहणे योग्य होय. ‘मुक्त’ याचा अर्थ केवळ विनामूल्य असा नाही. सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि त्याची प्रत दुसऱ्यास देण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ आहे.

लिनक्सचे एक वैशिष्ट्य असे की, एकाच प्रणालीवर निरनिराळे डेस्कटॉप बसविता येतात. खिडक्या, मेनू, पट्ट्या, फाईली पाहण्याची सोय आणि मांडणी बदलण्याची साधने यांचा संच म्हणजे डेस्कटॉप. वर्गखोली तीच, परंतु बाके मांडण्याची रीत निराळी, असा हा प्रकार आहे.

यांतील दोन प्रमुख डेस्कटॉपांचा इतिहास बोधप्रद आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील मातियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली. सामान्य वापरणाऱ्यास सर्वत्र एकसारखी वागणारी मांडणी मिळावी, हा त्याचा हेतू होता. परंतु केडीई ज्या ‘क्यूटी’ साधनावर उभे होते, ते त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हते. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. पुढे २००० मध्ये क्यूटीही मुक्त परवान्याखाली आले व वाद शमला. परंतु दोन वाटा कायम राहिल्या.

ग्नोमची वाट साधेपणाची आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ मध्ये सामान्य माणसे ग्नोम कसा वापरतात, याची पाहणी प्रसिद्ध केली. २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक पर्याय गाळण्यात आले. प्रत्येक पर्याय वापरणाऱ्यावर निर्णयाचा भार टाकतो, ही त्यामागील दृष्टी होती. आजही ग्नोमचा पडदा मोकळा असतो. एक कळ दाबली की सर्व खिडक्या एकत्र दिसतात. ऑर्का हा पडदावाचक त्यात उपलब्ध असल्याने दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही तो विचारात घेण्याजोगा आहे.

केडीईच्या डेस्कटॉपास प्लाझ्मा म्हणतात. त्याची खालची पट्टी व कोपऱ्यातील मेनू विंडोजची सवय असणाऱ्यास ओळखीची वाटतात. जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यात बदलता येते. जाणत्यास हे वरदान आहे. परंतु नवख्या मुलाच्या हातून पट्टीच नाहीशी झाली, तर तास वाया जातो.

जुन्या यंत्रांकरिता एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप आहेत. त्यांत शोभा कमी, पण वेग बरा. सुमारे २ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर त्यांचाच विचार करावा. ग्नोम व प्लाझ्मा यांस ४ गिगाबाइट वा अधिक असणे बरे. तथापि इंटरनेटवरील पाने उघडणारा ब्राउझर आपला वाटा निराळा घेतो. डेस्कटॉप हलका केल्याने तो हलका होत नाही.

२०११ मधील एक घटना शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्या वर्षी ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने मांडणी पार बदलली. अनेकांस ती रुचली नाही. जुनी रीत टिकविण्यासाठी माटे व सिनॅमन हे डेस्कटॉप पुढे आले. यावरून दिसते की, ‘सोपे’ म्हणजे पुष्कळदा ‘सवयीचे’ एवढेच असते. शिक्षकास जे अवघड वाटते, ते मुलास तसे वाटेलच असे नाही. कारण त्यास मोडावी लागणारी जुनी सवयच नसते. म्हणून निवड शिक्षकाच्या सोयीवरून न करता मुलांच्या अनुभवावरून करावी.

त्याकरिता पुढील चाचणी पुरेशी आहे. पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवावी. स्थापना न केल्यास संगणकातील मूळ माहितीस धक्का लागत नाही. मग चार-पाच मुलांस एकेकटे बसवून चार कामे सांगावीत : लेखनाचा कार्यक्रम उघडणे, आपले नाव मराठीत लिहिणे, ते साठविणे, आणि खिडकी बंद करून ते पुन्हा शोधणे. शिक्षकाने मदत करू नये. मूल कोठे अडते तेवढे टिपावे. दुसऱ्या डेस्कटॉपावर हीच कामे निराळ्या मुलांकडून करवून घ्यावीत, म्हणजे आधीच्या सरावाचा लाभ निकालात मिसळणार नाही.

मराठीची सोयही पाहावी. ग्नोम व केडीई यांच्या मराठी भाषांतराचे काम स्वयंसेवकांनी केले आहे आणि इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर उपलब्ध आहे. मेनूतील एखादा शब्द इंग्रजीत राहिला असेल, तर तो फळ्यावर लिहून अर्थ सांगावा.

कोणताही डेस्कटॉप सर्व शाळांस सारखाच उपयुक्त ठरणार नाही. ज्या पडद्यापुढे बसलेले मूल “आता काय करू?” असे न विचारता “हे मी केले” असे सांगते, तो त्या शाळेचा योग्य डेस्कटॉप होय.