बरास आणि कापूर

विलेपनपूजेतील बरास आणि आरतीत जळणारा कापूर यांना ग्राहकच नव्हे, कित्येक विक्रेतेही एकच पदार्थ समजतात. दोन्ही शुभ्र, स्फटिकमय, सुगंधी. दोन्ही टर्पीन कुळातील. पाच कार्बन अणूंचा आयसोप्रीन हा घटक दोनदा जोडला असता होणारा दहा कार्बनांचा सांगाडा दोहोंत सारखाच असतो. याच कुळावरील संशोधनासाठी ओटो वालाख यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बरास म्हणजे बोर्निऑल, हे एक अल्कोहोल. त्यातून हायड्रोजनचे दोन अणू काढले की कापूर होतो. भेद एवढाच, परंतु भावात तो मोठा ठरतो. सुमात्रा-बोर्निओतील ड्रायोबॅलेनॉप्स वृक्षाच्या खोडातील भेगांत बरास साठतो. सुमात्रातील बारूस बंदरावरून त्याचे नाव पडले, असे मानतात.

कापराविषयी मात्र ‘नैसर्गिक तेच शुद्ध’ हा आग्रह तपासून पाहावा. पूर्वी जपान व तैवानात कापराची जुनी झाडे तोडून, लाकडाच्या ढलप्यांतून वाफेच्या साहाय्याने तो काढीत. आजचा बहुतेक कापूर टर्पेंटाइनमधील पायनीनपासून होतो. टर्पेंटाइन उभ्या चीडवृक्षाच्या सालीला खाच पाडून मिळणाऱ्या राळेतूनही निघते. अहिंसेच्या तराजूत कोणता जड, हे सुज्ञांना सांगणे नलगे.

कापराचे क्षपण करून कृत्रिम बोर्निऑलही बनवितात. म्हणून महाग बरास घेताना त्याचा उगम बिलावर लिहून मागावा. नुसता कापूरच बरास म्हणून दिला असेल, तर प्रयोगशाळेत उघड होते: कापूर सुमारे १७६ अंश सेल्सिअसला वितळतो, बोर्निऑल २०८ च्या आसपास.