एका नटाचं झाकण

मिस्त्रींनी दिवाळीनंतर गॅरेजला कुलूप लावलं आणि आमच्या घरात जुनी बुलेट देऊन नवी घेण्याचा विषय निघाला. तोवर तो निघायचं कारणच नव्हतं. वडिलांनी १९८७ साली घेतलेली ही गाडी सुरुवातीपासून मिस्त्रींच्याच हाताखाली राहिली. रस्त्याच्या पलीकडून नुसत्या आवाजावर ते सांगायचे, टॅपेट ढिले झालेत, आत घ्या. आता त्यांच्या डोळ्यांना बारीक फट दिसत नाही. साताऱ्यातल्या नव्या गॅरेजांतली मुलं हुशार आहेत, पण ठिणगीचे पॉइंट घासून त्यांची फट लावायची वेळ या मुलांवर कधी आलेलीच नाही.

जुन्या बुलेटचा सगळा स्वभाव तिच्या इंजिनात आहे. सिलिंडर बिडाचा. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९०. धाव व्यासापेक्षा इतकी लांब असली की इंजिन भराभर फिरत नाही, दमानं फिरतं, आणि आतलं जड फ्लायव्हील त्याला एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत ओढून नेतं. म्हणून उभ्या बुलेटचे ठोके मोजता येतात. ३४६ सीसीतून अश्वशक्ती अठराच मिळते, पण जोर खालच्या फेऱ्यांतच हाताशी येतो. यवतेश्वरच्या घाटात डबलसीट चढताना ती कुरकुरत नाही. कासला जाताना मागे बसून वडिलांच्या पाठीला कान लावला की इंजिनाचा ठोका त्यांच्या अंगातून ऐकू यायचा. मला ही गाडी तिथून माहीत आहे.

ती चालू करणं हे मात्र शिकावं लागतं. किल्ली फिरवायची, किक पायानं हळू दाबत न्यायची. एका जागी ती घट्ट होते, तिथे थांबायचं. डिकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर ओढून किक जराशी पुढे सरकवायची आणि नजर टाकीपुढच्या अँपिअर मीटरवर ठेवायची. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, पिस्टन माथा ओलांडून गेला. लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच किक. हा क्रम चुकवून घाईनं मारली तर किक उलटी येते आणि पिंढरी सुजते. मला वडिलांनी हे सोळाव्या वर्षी शिकवलं, गाडी स्टँडवर लावून, दोन रविवार. चालवायला दिली ती त्यानंतर.

बुलेटची मूळ रचना इंग्लंडमधल्या रेडिचची. भारतीय लष्कराला ती पसंत पडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडमधलं उत्पादन बंद पडलं आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. बिडाचं इंजिन धुराच्या नियमांपुढे २०१० च्या सुमारास थांबलं. त्याच्या जागी आलेल्या इंजिनात टॅपेट तेलाच्या दाबानं आपले आपण जुळू लागले. मिस्त्रींचं निम्मं काम तिथेच संपलं, हे मला आत्ता कळतंय.

नवी बुलेट, म्हणजे २०२३ साली आलेली, मी दोनदा चालवून पाहिली. ३४९ सीसी, वीस अश्वशक्ती, पाच गिअर, इंधन मोजून सोडणारं इंजेक्शन. आतल्या बॅलन्सर शाफ्टमुळे हँडलची थरथर जवळजवळ गेली आहे. किकच नाही, बटण दाबलं की चालू. पुढे डिस्क आणि एबीएस. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तेव्हा चाक घसरलं नाही, गाडी सरळ उभी राहिली. जुनीचे ड्रम ब्रेक लांब उतारावर तापून हलके पडतात. महामार्गावर पुढचा ट्रक अचानक थांबला तर या फरकावर जीव अवलंबून आहे. बायकोनं एवढीच गोष्ट दोनदा बोलून दाखवली आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

शिवाय पायांचा प्रश्न. आमच्या गाडीचा गिअर उजव्या पायात आहे, एक वर आणि तीन खाली, ब्रेक डाव्या पायात. नवी चालवताना पोवई नाक्यावर रिक्षा आडवी आली आणि माझा डावा पाय ब्रेक समजून गिअरवर पडला. हातातल्या ब्रेकनं निभावलं. पण आलटून पालटून दोन्ही चालवणं मला झेपणार नाही, हे त्या क्षणी ठरलं. पार्किंगलाही जागा एकाच गाडीची आहे.

त्या रात्री मिस्त्रींच्या घरी गेलो. ते म्हणाले, ‘‘गाडीला काय झालंय? हात नाही म्हणून विकताय, तर हात तुम्हाला दोन आहेत की.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या पार्किंगमध्ये स्टुलावर येऊन बसले. इंजिन थंडगार. टॅपेटचं झाकण एकाच नटावर असतं, ते मी काढलं. आत दोन पुशरॉड. पिस्टन वर आणून ते चिमटीत धरायचे. सळई बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मोजायचं अवजार नाहीच, बोटांनाच कळावं लागतं. मला पहिल्यांदा दीड तास लागला. मिस्त्री डोळे मिटून बोटानं तपासत होते आणि तीनदा मान हलवून त्यांनी मला पुन्हा ढिलं करायला लावलं.

पॉइंटची फट मी अजून त्यांच्या देखत लावतो, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजनं. प्लग, चेन, क्लचची केबल आता जमते.

नवी गाडी आम्ही घेतली नाही. बदल्यात मी महामार्ग सोडला. पुण्याला जायचं तर एसटीनं जातो. पावसाळ्यात बायकोला मागे बसवून घाट उतरत नाही. पुढच्या ब्रेकचे लाइनर नवे घातले आहेत. २०२७ मध्ये नोंदणीची पाच वर्षं भरतील, तेव्हा गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल. तोपर्यंत पॉइंट एकट्यानं लावता आले पाहिजेत, असं मिस्त्रींनी बजावलंय. ते दर रविवारी आठ वाजता येतात. चहा होईस्तोवर मी झाकणाचा नट सैल करून ठेवतो.