हालचालींची नोंद

आषाढ लागला म्हणजे आजऱ्याच्या परिसरात भाताच्या रोपलागणीची धांदल उडते. येथील सुवासिक घनसाळ भाताची कीर्ती तुम्ही ऐकली असेलच. पण दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रीचे श्रम मोजावयाचे कसे? धान्य तराजूने मोजता येते, ताप तापमापकाने. हालचालीला माप कोणते लावावे?

१९६५ साली जपानमध्ये कमरेला अडकविण्याचे एक पाऊलमापक विक्रीस आले. ते केवळ पावले मोजी. आजच्या मनगटी पट्ट्यातील संवेदक याहून चतुर आहे. त्यात एक अतिसूक्ष्म भार नाजूक कमानींवर तोललेला असतो. हात हलला की हा भार किंचित मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्याचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. पुढेमागे, डावीउजवीकडे व वरखाली अशा तिन्ही दिशांची नोंद सेकंदातून अनेक वार होत राहते.

या नोंदीचा आलेख काढला, तर चालणाऱ्याच्या लाटा सारख्या अंतराने उमटलेल्या दिसतात. सेकंदाला साधारण दोन. धावताना त्या उंच व दाट होतात. झोपेत आलेख जवळजवळ सपाट असतो. कोणती लाट कोणत्या कामाची, हे मात्र यंत्राला आधी माणसानेच शिकवावे लागते.

आणि येथेच मौज आहे. डोक्यावर घागर घेऊन, ती हाताने सावरीत चढण चढणारी स्त्री पाहा. तिचा हात स्थिर असतो. मनगटावरचा पट्टा तिची बरीच पावले गाळतो आणि घागरीचे ओझे तर त्याला कळतच नाही! तोच संवेदक कमरेला बांधला, तर निदान पावले तरी चुकत नाहीत.

ही चूक क्षुल्लक नव्हे. १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा व श्रमांचा अभ्यास सुरू झाला. संशोधकांनी पट्टे बांधले नव्हते. शेतकाम किती, पाणी किती वेळा आणले, हे प्रश्न विचारून त्यांनी टिपून घेतले. अतिश्रम करणाऱ्या स्त्रियांची बालके जन्मतः सरासरीने लहान होती, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. त्या स्त्रियांच्या केवळ मनगटावर पट्टे असते, तर विहिरीवरून आणलेल्या पाण्याच्या पुष्कळशा खेपा विश्रांतीतच जमा झाल्या असत्या.