रोजाने की उक्त्याने?

शेतात खुरपणी निघाली, की धन्यापुढे दरसाल एक प्रश्न उभा राहतो: बायका रोजाने लावाव्यात, की काम उक्ते द्यावे? रोजाने लावल्या तर हात रेंगाळतात, अशी धन्याची तक्रार. उक्ते दिले तर काम झपाट्याने उरकते खरे. पण तण मुळासकट निघाले, की वरच्यावर खुडले, हे पाहायला बांधावर कुणीतरी उभे राहावे लागते.

वाचकहो, आपण म्हणाल, आरोग्याच्या विषयात ही खुरपणी कुठून आली? तर ती एवढ्यासाठी, की गेली वीस-पंचवीस वर्षे कितीतरी गरीब देशांच्या सरकारांना हाच प्रश्न पडलेला आहे. मात्र तिथे काम आहे ते बाळंतपणाचे. २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणात किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने दगावल्या. म्हणजे दर दोन मिनिटांना एक! त्यांतल्या दहांपैकी नऊहून अधिक गरीब किंवा बेताच्या उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. वेळेवर उपचार मिळते, तर यांतल्या बहुतेकजणी वाचल्या असत्या.

सरकारी दवाखाना चालवण्याची जुनी रीत आपल्या ओळखीची आहे. वर्षाचे अनुदान ठरलेले, पगार ठरलेला. दारात दहा बायका आल्या काय नि शंभर आल्या काय, रक्कम तीच. यावर काही जाणत्या मंडळींनी तोड काढली: पैसे द्यायचे ते झालेल्या कामावर. इतक्या तपासण्या, इतकी बाळंतपणे, तर इतकी रक्कम. या रीतीला फलाधारित अर्थसाह्य म्हणतात.

तिची सर्वांत गाजलेली परीक्षा आफ्रिकेतल्या रवांडा देशात झाली. १९९४ च्या नरसंहारात तिथली आरोग्यव्यवस्था पार मोडून पडली होती. २००६ पासून सरकारने ही रीत देशभर न्यायला घेतली. गर्भवतीच्या पहिल्या तपासणीमागे केंद्राला दहा सेंटसुद्धा मिळत नसत. केंद्रात झालेल्या बाळंतपणामागे मात्र साडेचार डॉलरांहून थोडे अधिक मिळत. शिवाय केंद्राच्या कामाला गुण दिले जात आणि गुण कमी पडले, की रक्कमही कमी होई.

आता खरी गंमत पाहा. १६६ केंद्रांवर अभ्यास झाला. काहींना नवी रीत लागू झाली. उरलेल्यांना तेवढीच जादा रक्कम दिली, पण ती कामाशी न बांधता. पैसा दोहोंकडे सारखा. फरक काय तो मिळण्याच्या तऱ्हेत. सुमारे दोन वर्षांनी हिशेब केला, तेव्हा नव्या रीतीच्या केंद्रांत बाळंतपणे २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या प्रतिबंधक तपासण्या तर ५६ टक्क्यांनी वाढल्या.

मग प्रश्न सुटला का? नाही. गर्भारपणातल्या चारही तपासण्या पुऱ्या करणाऱ्या स्त्रिया वाढल्या नाहीत; लसीकरण पुरे झालेली मुलेही वाढली नाहीत. एका बाळंतपणासाठी परिचारिका बाईला समजावून आणू शकते. तीच बाई चार वेळा डोंगर उतरून येणार की नाही, हे तिच्या घरावर, वाटेवर आणि पदरच्या पैशावर अवलंबून असते.

शिवाय उक्त्या कामाची जुनी खोड इथेही आहेच. पैसे नोंदीवर मिळतात म्हटल्यावर खोटी नोंद होण्याचा धोका आला. म्हणून वह्या तपासायच्या, घरोघर जाऊन ‘बाई, तुम्ही खरंच दवाखान्यात गेला होता का?’ असं विचारायचं. या पहाऱ्यालाही पैसा लागतो. पुढे झांबिया, नायजेरिया अशा देशांत दुसरी तुलना झाली. केंद्रांच्या हाती नुसता थोडा पैसा आणि तो खर्चण्याची मोकळीक दिली, तरी पुष्कळ बाबतींत जवळजवळ तेवढाच गुण येतो, असे जागतिक बँकेच्या २०२२ च्या अहवालात दिसून आले.

आपल्याकडे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. तिच्यात बाळंतपणामागे पैसा जातो तो आईला आणि आशाताईंना. देशात २००५-०६ साली शंभरांपैकी ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८९ झाली. याचे सारे श्रेय एका योजनेला देता येणार नाही. पण बायका दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या, हे खरे.

दाराच्या आत मात्र रक्त हवे, औषध हवे, नळाला पाणी हवे आणि रात्री दोन वाजता जागा असलेला जाणता माणूस हवा. पैसा रोजाने द्या की उक्त्याने द्या, आपण विचारायचे ते एवढेच: बाई बाळाला घेऊन सुखरूप घरी परतली का?